वयाचा रकाना

(कचारगडाच्या पायथ्याशी, माघ यात्रेच्या आधी झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)

मला विषय दिला आहे, 'स्वप्नाला वय नसतं'. आयोजकांची क्षमा मागून सुरुवातीलाच सांगते, की मला हे पूर्ण पटत नाही. स्वप्नाला वय असतं. फक्त ते वय आणि माणसाचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण आयुष्यभर एकाच्या रकान्यात दुसऱ्याचा आकडा भरत बसतो. आज बोलायचं आहे ते एवढंच. पण एवढं समजायला मला साठी गाठावी लागली, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये ३४ वर्षं शिकवून मी निवृत्त झाले. आदेशाच्या कागदावर शब्द होते, 'नियत वयोमानानुसार'. असा कागद सगळ्याच शिक्षकांना मिळतो, त्यात वावगं काही नाही. पण निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ मांडीवर घेऊन बसले होते, आणि एकामागून एक उठून सांगत होते, की बाईंनी आता आराम करावा, नातवंडं खेळवावीत, चारधाम करून यावं. सगळे मायेनं बोलत होते. मला मात्र आतून वाटत होतं, की नोकरीच्या नियमातलं 'नियत' माझ्या डोळ्यांदेखत नशिबातलं 'नियत' होत चाललं आहे. टाळ्या वाजल्या आणि मीही मान डोलावली.

त्या रात्री झोप लागेना, तेव्हा धोंडो केशव कर्वे आठवले. पाठ्यपुस्तकातला त्यांचा धडा मी कित्येक वर्गांना शिकवला होता, पण त्यातली वजाबाकी कधी केली नव्हती. जन्म १८ एप्रिल १८५८. फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्ती १९१४. आणि स्त्रियांसाठीचं विद्यापीठ निघालं ते १९१६ मध्ये. म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी. माझ्या कागदावरचं 'नियत वयोमान' नेमकं तेवढंच. जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली होती, तिनं त्यांना ही दिशा दाखवली. पुढे १९२९ मध्ये, एकाहत्तरी गाठलेला हा माणूस जगाच्या प्रवासाला निघाला आणि देशोदेशी आपल्या संस्थेबद्दल बोलत फिरला. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा निघाव्यात म्हणून त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ उभं केलं.

कर्व्यांची गोष्ट म्हातारपणी पाहिलेल्या नव्या स्वप्नाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला ती तशी दिसत नाही. १८९३ मध्ये त्यांनी स्वतः एका विधवेशी लग्न केलं आणि १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. तेव्हा ते स्वप्न रांगत होतं. १९१६ मध्ये ते वीस वर्षांचं झालं होतं, हातापायांनी धडधाकट, कर्तं. माणूस अठ्ठावन्न वर्षांचा आणि स्वप्न वीस वर्षांचं. निवृत्तीच्या कागदावर यातला एकच आकडा लिहिला जातो.

हे मला पुस्तकातून कळलं. अंगात उतरलं ते इथल्या चढावर.

बाहेरगावाहून आलेल्यांसाठी दोन शब्द. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी गाडी आमगाव, सालेकसा करत दरेकसाला येते. पुढे बोगदा आणि बोगद्यापलीकडे छत्तीसगढ. मध्य प्रदेशही इथून हाकेवर. दरेकसाहून धनेगाव, आणि धनेगावच्या डोक्यावर हा कचारगड. माघ पौर्णिमेला इथे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगढ, तेलंगणा, ओडिशा अशा कितीतरी ठिकाणांहून गोंड समाज येतो. सप्तरंगी झेंडे, पिवळे फेटे, ढोल, आणि ज्याच्या तोंडी पाहावं त्याच्या 'जय सेवा'. धानाची मळणी उरकलेली असते, मोह अजून पडायचा असतो, पळसाला कळ्या धरलेल्या असतात. शेतातल्या माणसाला चार दिवस घराबाहेर काढता येतील असा हा काळ. यात्रेला हा महिना लाभला आहे त्यात मला मोठं शहाणपण दिसतं.

आणि आता माझी चूक सांगते. याच तालुक्यात मी तीसहून अधिक वर्षं शिकवलं. दर माघात वर्गातली निम्मी मुलं दिसेनाशी व्हायची, आणि मी हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे खाडा मांडायची. चार दिवसांनी मुलं पिवळ्या धुळीनं माखलेले पाय घेऊन परत यायची, आणि मी त्यांना बुडालेला अभ्यास भरून काढायला लावायची. कुठे गेला होतात, काय पाहिलंत, तिथे कुणाची गाणी म्हणतात, हे मी एकदाही विचारलं नाही. घरी गोंडी बोलणारी थोडी मुलं असायची. ती पहिलीत येऊन महिनोन्‌महिने गप्प बसायची, आणि मी त्यांच्या प्रगतिपत्रकावर 'अबोल' असा शेरा लिहायची. ती मुलं अबोल नव्हती. त्यांची भाषा मला येत नव्हती, एवढंच. हा शेरा मी किती मुलांच्या नावावर लिहिला असेल, तो आकडा माझ्याजवळ नाही, आणि तो नसण्याचंही मला वाईट वाटतं.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या माघात मी गड चढले. एकटीच निघाले होते. अर्ध्या वाटेवर गुडघ्यानं कुरकुर सुरू केली, म्हणून एका दगडावर टेकले. शेजारून एक म्हातारी चालली होती. माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी मोठी, डोक्यावर गाठोडं, पायात काही नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "हरू हरू चढ, बाई. पहाड कोठी जात नाही." आणि स्वतः पुढे निघून गेली. मी तिच्या मागे चालत राहिले. ती मध्ये मध्ये थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा चालायची. दर वर्षी येतेस का, असं विचारलं तर म्हणाली, येते, आधी सासू यायची, तिच्यासंगं मी यायची. किती वर्षं झाली म्हटलं तर हसली. तिनं वर्षं मोजलीच नव्हती.

गुहेत पोचल्यावर आधी अंधार वाटतो, मग डोळे सरावतात. आत खूप मोठी जागा आहे. छताला भगदाड आहे आणि त्यातून उन्हाचा झोत खाली उतरतो. ही आशियातली सगळ्यांत मोठी गुहा आहे असं कुणी कुणी सांगतं. मला त्या मोजमापाची गरज कधी वाटली नाही. उन्हाच्या त्या झोताखाली उभं राहून हात जोडणाऱ्या माणसांचे चेहरे पाहिले की पुरे.

इथली कथा तुम्ही सगळे जाणता, तरी सांगते, कारण माझं म्हणणं तिच्यावर उभं आहे. काली कंकालीची तेहतीस मुलं या गुहेत कोंडली गेली होती. तोंडावर मोठा दगड. पारी कुपार लिंगोनं त्यांना सोडवायचं ठरवलं, जंगो रायतार त्यांच्या ओढीनं मदतीला आली. पण दगड हटेना. तेव्हा हिरासुका पाटालीर नावाचा वादक पुढे झाला. त्यानं किंगरी वाजवायला घेतली. ते सूर ऐकून आतल्या मुलांच्या अंगात बळ आलं, त्यांनी आतून जोर लावला आणि दगड सरकला. मुलं बाहेर आली. दगडाखाली सापडून हिरासुका मात्र गेला.

लहानपणी मला कुणी ही कथा सांगितली असती, तर मी लिंगोच्या बाजूनं ऐकली असती. साठीला आलेल्या बाईला ती हिरासुकाच्या बाजूनं ऐकू आली. ज्यानं दार उघडलं त्याला ती मुलं मोठी झालेली दिसली नाहीत. लिंगोनं पुढे त्यांना गोत्रांत बांधलं, कोया पुनेम या गोंडी धर्माची रीत घालून दिली, त्यातलं काहीच त्यानं पाहिलं नाही. त्याच्या वाट्याला आलं ते फक्त वाजवणं. आणि तरी दर माघात जे लोक इथे येतात ते त्याचं नाव घेतात. त्याच्या स्वप्नाचं वय आज काय असेल?

ही कथा छापील कागदावर आली त्याचाही इतिहास असाच आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले. परधान गायकांच्या तोंडून त्यांनी लिंगोचं गीत उतरवून घेतलं. त्या पाठात एका जागेचं नाव येतं काचीकोपा लोहागड. लिंगो बारा महिने तप करतो, समुद्रकाठच्या बिंदो पक्ष्याची पिलं आणायला जातो, असा तो लांबलचक पाठ आहे. हिस्लॉप १८६३ मध्ये नदीत बुडून वारले, तेव्हा त्यांचे कागद अपुरेच होते. रिचर्ड टेंपल यांनी ते नीट लावून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या परधानानं ते गीत गायलं, त्यानं ते बापाकडून घेतलेलं, बापानं आज्याकडून. एका गाण्यामागे इतक्या माणसांचे आयुष्यभराचे श्वास.

आणि मग शंभराहून अधिक वर्षांनी नागपुरात एक माणूस ते सगळं वाचत बसतो. मोतीरावण कांगाली. २ फेब्रुवारी १९४९ ला रामटेक तालुक्यातल्या दुलारा गावी जन्म. पोटासाठी रिझर्व्ह बँकेची नोकरी. दिवसभर बँकेतलं काम आणि उरलेल्या वेळात गोंडी भाषा, गोंडी देव, गोत्रं, कथा. नोकरी सांभाळून त्यांनी एकापाठोपाठ एक पदव्या घेतल्या, अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, पारी कुपार लिंगोच्या पुनेम दर्शनावर ग्रंथ लिहिला. पत्नी चंद्रलेखा कांगाली यांची त्यांना या कामात साथ होती. जुन्या पाठातला काचीकोपा लोहागड म्हणजेच आपला कचारगड, अशी त्यांची मांडणी. १९८० च्या दशकात कांगाली, 'गोंडवाना दर्शन' मासिकाचे संपादक सुन्हेरसिंह ताराम आणि असेच आणखी मोजके जण या डोंगरावर आले आणि यात्रेला नव्यानं सुरुवात झाली. बोटांवर मोजता येतील एवढी माणसं. आज माघात इथे पाय ठेवायला जागा नसते.

कांगालींच्या सगळ्याच निष्कर्षांशी मी सहमत नाही, हे इथे सांगायला हवं. सिंधू लिपी गोंडीतून वाचता येते असा त्यांचा दावा होता, तो अभ्यासकांनी स्वीकारलेला नाही आणि मलाही तो पटलेला नाही. पण कचेरीतून घरी आल्यावर दिव्याखाली बसून, रजेचा एक एक दिवस साठवून, आपल्या लोकांच्या आठवणींना जागा शोधून देणारा माणूस मला फार मोठा वाटतो. ३० ऑक्टोबर २०१५ ला ते गेले. नोकरीत असताना त्यांना कुणी विचारलं असतं, की हे सगळं निवृत्तीनंतर का करत नाही, तर? 'आता वेळ नाही' आणि 'आता वय नाही' ही एकाच घरातली दोन भावंडं आहेत. पहिलं तरुणपणी दारात उभं राहतं, दुसरं म्हातारपणी. कांगालींनी पहिल्याला घरात घेतलं नाही.

आता गुरुजींबद्दल.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते गुरुजी माझ्याहून बरेच वडील. मी नोकरीला लागले तेव्हा ते केंद्रावर होते. लहानपणी शाळेत गोंडीत बोलल्याबद्दल त्यांनी छडी खाल्ली होती. ती गोष्ट ते क्वचितच सांगत, आणि सांगताना कुणाचं नाव घेत नसत. पुढे त्यांनीही मराठीच शिकवली, मराठीतच घर चालवलं, मुलांना गोंडी शिकवली नाही. निवृत्त झाल्यावर एके दिवशी त्यांनी दोनशे पानी वही विकत आणली आणि गावोगाव फिरून शब्द गोळा करायला लागले. प्रत्येक शब्दापुढे अर्थ, कोणत्या गावात ऐकला, तारीख. सायकलवर जात, पुढे सायकल झेपेना तेव्हा एस.टी.नं जात. सोळा वर्षांत सहा वह्या झाल्या. सहाव्या वहीतला शेवटचा शब्द आहे 'नार', म्हणजे गाव. त्याखाली तारीख लिहिलेली आहे, गावाचं नाव लिहायचं राहिलं आहे.

त्या वह्या गुरुजींच्या मुलानं माझ्या हाती दिल्या, त्या गड उतरून आल्याच्या आठवड्यात. मी म्हटलं, मला गोंडी येत नाही, माझा काय उपयोग? तो म्हणाला, बाई, मलाही येत नाही.

तर मी साठाव्या वर्षी पहिलीत बसले. 'येर' म्हणजे पाणी. 'लोन' म्हणजे घर. 'मरा' म्हणजे झाड, आणि कन्नडमध्येही झाडाला मरच म्हणतात हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला. गोंडी द्राविडी भाषांच्या कुळातली आहे हे मी कुठेतरी वाचलेलं होतं, पण एका झाडाच्या नावातून ती ओळख पटली. तोंड वळत नसे. आज पाठ केलेलं उद्या विसरत असे. पंचवीस वर्षांच्या मुलाला जे आठवड्यात येईल त्याला मला महिना लागतो. हे मी मुद्दाम सांगते, कारण अशा व्याख्यानांत वक्ते ही गोष्ट झाकून ठेवतात. वयानं स्मरणशक्ती कमी होते, गुडघे दुखतात, डोळ्यांवर ताण येतो. ते खोटं नाही. पण माझ्या विद्यार्थ्यांचं मौन मला साठाव्या वर्षी जसं समजलं तसं पंचविसाव्या वर्षी समजलं नसतं. तेव्हा मी फळ्याजवळ उभी होते. आता मी त्यांच्या जागी बसले आहे, उच्चार चुकण्याच्या भीतीनं गप्प.

वयाच्या रकान्यानं खरोखर नुकसान होतं, हेही मला माहीत आहे. राज्याच्या नोकरभरतीत खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा आहे. गावातली एखादी मुलगी, जिचं शिक्षण लग्नानं थांबलं आणि मुलं मोठी झाल्यावर पुन्हा सुरू झालं, तिला त्या रकान्यापुढे माझं हे व्याख्यान काही उपयोगाचं नाही. 'स्वप्नाला वय नसतं' असं तिला सांगणं म्हणजे तिच्या अर्जावरची तारीख न वाचणं. म्हणून मी ते वाक्य म्हणत नाही. मी विचारते, की तिचं स्वप्न कधी जन्मलं होतं, आणि मधली वर्षं ते कुणी उपाशी ठेवलं?

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ ला साठ ते नव्वद वर्षांच्या बायकांसाठी शाळा सुरू झाली. योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ती उभी केली. गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन आजीबाई दुपारच्या वेळी शाळेत येऊ लागल्या. सकाळी स्वयंपाक आणि शेत, म्हणून दुपार. या शाळेचे फोटो देशभर छापले गेले आणि लोकांनी आजींच्या जिद्दीचं कौतुक केलं. जिद्द आहेच. पण मला ते फोटो पाहून लाज वाटली. त्या बायका शाळेत उशिरा आल्या नव्हत्या, शाळा त्यांच्याकडे उशिरा आली होती. अंगठ्याऐवजी सही करण्याची इच्छा त्यांच्या मनात साठ-सत्तर वर्षं होती. त्या इच्छेचं वय मोजा आणि मग सांगा, कुणाला उशीर झाला.

जोधइया बाई बैगांचंही असंच. मध्य प्रदेशातल्या उमरिया जिल्ह्यातल्या लोढा गावच्या. बालाघाटचे बैगा आपल्याला परके नाहीत, म्हणून ही बाई मला शेजारची वाटते. नवरा गेल्यावर मजुरी करून मुलं वाढवली. सत्तरीच्या उंबरठ्यावर आशीष स्वामी या चित्रकारांच्या प्रोत्साहनानं त्यांनी प्रथम कुंचला हातात घेतला. जंगल, वाघ, मोहाचं झाड. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डिसेंबर २०२४ मध्ये त्या गेल्या. कुंचला नवा होता. पण त्यातून उतरलेलं झाड त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं होतं, त्याची लाकडं वेचली होती, त्याच्या सावलीत बसल्या होत्या. सत्तर वर्षांचा तो अभ्यास कुणाच्या हजेरीपटावर नव्हता.

या सगळ्यांत मला सर्वांत लांब पल्ल्याचं वाटतं ते मंगलसिंह मसराम यांचं काम. बालाघाट जिल्ह्यातल्या कोचेवाडा गावचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडी लिहिण्यासाठी स्वतंत्र लिपी तयार केली. १९१८ म्हणजे कर्व्यांचं विद्यापीठ दोन वर्षांचं असतानाची गोष्ट. एका माणसानं बसून अक्षरं आखली. ती अक्षरं जगभरच्या संगणकांत, युनिकोडमध्ये, आली ती २०१७ मध्ये. मधली नव्याण्णव वर्षं ती कुणाच्या तरी वहीत जिवंत राहिली असणार.

पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, दुसरी एक गोंडी लिपी युनिकोडमध्ये आली, गुंजाला गोंडी. तेलंगणातल्या आदिलाबाद भागातल्या गुंजाला गावात तिची हस्तलिखितं होती, ती जयधीर तिरुमल राव यांनी अभ्यासकांपुढे आणली. ती लिपी वाचता येणारे गावात मोजके म्हातारेच उरले होते. त्यांनी मुलांना शिकवायला घेतलं. जगातल्या एका लिपीचा सगळा भार चार-दोन म्हाताऱ्या डोळ्यांवर होता. त्यांनी म्हटलं असतं, आता वय झालं, तर?

२०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाख होते. गोंड समाज मात्र एक कोटीहून मोठा आहे. या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात गुरुजींची छडी आहे आणि माझा 'अबोल' शेराही आहे.

आता शेवटचं. गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडे दर शुक्रवारी दिवेलागणीला काही बायका जमतात. नाव काही दिलेलं नाही, फलक नाही. मी त्यांना अक्षरं शिकवते, त्या मला गोंडी शिकवतात. काहींच्या घरी आता गोंडी राहिलेली नाही, झाडीबोलीच चालते. त्या दोन्ही शिकतात. गुरुजींच्या वहीतला शब्द मी वाचते आणि त्या सांगतात, बरोबर, किंवा, आमच्याकडे असं म्हणत नाहीत. मग मी त्याखाली नवा शब्द लिहिते, गावाचं नाव, तारीख. सहावी वही भरली आहे. सातवी सुरू आहे. 'नार' या शब्दापुढे गावाचं नाव मी अजून लिहिलेलं नाही. गुरुजींनी तो कुठे ऐकला ते मला माहीत नाही, आणि अंदाजानं लिहिणं बरं वाटत नाही. माझ्या पश्चात ही वही कुणाकडे जाईल तो ठरवेल.

रोपणीच्या दिवसांत आणि मोह वेचायच्या दिवसांत वर्ग भरत नाही. सुटी द्यावी लागत नाही, ती आपोआप होते. आता मी खाडा मांडत नाही.

त्या बायकांत एक सत्तरी ओलांडलेली आजी आहे. तीन महिने ती नुसती बसून ऐकायची. मला वाटलं, तिला वाटत असेल आपल्याला जमणार नाही. मी एकदा तिचं नाव देवनागरीत पाटीवर लिहून दिलं, गिरव म्हटलं. तिनं पाटी बाजूला ठेवली. म्हणाली, "हे नाही. आपली लिपी पाहिजे." तिच्या नातवाच्या मोबाइलवर मसराम लिपी उमटते, तिनं ती पाहिली होती, आणि ती तेवढ्याचीच वाट पाहत होती. नातवानं तिचं नाव त्या अक्षरांत लिहून दिलं. मला ती अक्षरं येत नाहीत. तेव्हा आता आम्ही दोघी एकदम शिकतो आहोत, आणि ती माझ्यापुढे आहे.

पाटीवरचं पुसून जातं, म्हणून तिनं वही मागितली आहे. दुरेघी. गोंदियाहून येताना मी ती घेतली आहे, ही बघा, या पिशवीत आहे. ती आजी इथेच मागच्या रांगेत बसली आहे. हा कार्यक्रम संपला की तिला द्यायची आहे.

जय सेवा.